घरगुती डीव्हीडीचा हलता मेनू अडखळतो, बटन उजळत नाही, ट्रान्झिशन फुटतं: कारणं आणि उपाय

संगणकावर सगळं सुरळीत दिसतं, पण तीच डिस्क टीव्हीच्या प्लेअरमध्ये घातली की कटकटी सुरू होतात. मेनूचं संगीत दर अर्ध्या मिनिटाला तुटतं. रिमोटचा बाण दाबूनही निवडलेलं बटन उजळत नाही, किंवा उजळतं ते भलत्याच जागी. मेनूतून चित्रफितीकडे जाताना पडदा क्षणभर काळा होतो. दोन प्रसंगांमधला डिझॉल्व्ह, म्हणजे एक चित्र दुसऱ्यात विरघळणं, चौकोनी ठिपक्यांत फुटतो. हे दोष पुन्हा पुन्हा येतात, आणि सॉफ्टवेअर बदललं तरी जातातच असं नाही, कारण बहुतेकांचं मूळ डीव्हीडीच्या रचनेत आहे.

डीव्हीडीच्या मेनूत स्वतंत्रपणे हलणारं काहीही नसतं. उडत येणारं शीर्षक, बटनांच्या चौकटीत चालणारी छोटी दृश्यं, मागची पार्श्वभूमी हे सगळं एमपेग-२ या डीव्हीडीच्या व्हिडिओ-स्वरूपातल्या एकाच क्लिपमध्ये आधीच रेंडर झालेलं असतं. या क्लिपवर प्लेअर सबपिक्चर नावाचा एक पातळ थर चढवतो. हा थर स्थिर असतो आणि त्यात पारदर्शक धरून चारच रंग मावतात. बटन म्हणजे या थरावर आखलेला एक आयत आणि त्याला जोडलेली एक आज्ञा. बाण दाबल्यावर प्लेअर त्या आयतातल्या ठिपक्यांचा फक्त रंग आणि पारदर्शकता बदलतो.

म्हणजे मेनूत तीनच वस्तू आहेत: क्लिप, थर आणि आज्ञा. दोष येतो तो जवळजवळ नेहमी सांध्यावर. क्लिपचं शेवटचं टोक सुरुवातीला जिथे जोडलं जातं, प्रवेशाचं अॅनिमेशन संपून फिरता भाग जिथे सुरू होतो, मेनू संपून चित्रफीत जिथे सुरू होते, तिथे. म्हणून अख्खा प्रकल्प पुन्हा एन्कोड करायला (डीव्हीडीच्या स्वरूपात बदलायला) बसण्याआधी दोष नेमका कोणत्या सांध्यावर दिसतो ते पाहा.

खालची आकडेवारी मुख्यतः पाल या आपल्याकडच्या टीव्ही-पद्धतीसाठी आहे: ७२०×५७६, सेकंदाला २५ फ्रेम. एनटीएससी ही दुसरी पद्धत म्हणजे ७२०×४८०, सेकंदाला २९.९७ फ्रेम. जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

मेनू फिरताना अडखळतो, संगीत तुटतं

क्लिप संपली की प्लेअरचा लेझर डिस्कवर मागे जाऊन पुन्हा पहिल्या सेक्टरपासून वाचायला लागतो. तोवर बफर रिकामा होतो आणि शेवटची फ्रेम पडद्यावर गोठून राहते. हा खंड काही प्लेअरमध्ये जेमतेम जाणवतो, काहींत चांगला सेकंदभर टिकतो. तो पूर्णपणे घालवता येत नाही. लपवता मात्र येतो, आणि नीट लपवला तर बघणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

पहिली गोष्ट आवाजाची. संगीत शेवटच्या सव्वा ते दीड सेकंदात हळूहळू शून्यावर आणा आणि सुरुवातीला अर्धा सेकंद शांतता ठेवा. मग खंड शांततेत पडतो आणि कानाला खटकत नाही. ताल अखंड चालू ठेवणारं संगीत मेनूला घेऊ नका. संगणकावर लूप कितीही अचूक कापला असला तरी प्लेअर तो ठोका चुकवणारच.

दुसरी गोष्ट चित्राची. क्लिपचा शेवट आणि सुरुवात एकमेकांत मिसळली पाहिजेत. समजा २८.८ सेकंदांचा लूप हवा आहे. मग पार्श्वभूमीचा तुकडा ३०.८ सेकंदांचा घ्या आणि तो दोन सेकंदांवर कापा. दुसऱ्या सेकंदापासून शेवटपर्यंतचा भाग टाइमलाइनवर आधी ठेवा. कापलेले पहिले दोन सेकंद त्याच्या शेवटच्या दोन सेकंदांवर, वरच्या ट्रॅकवर ठेवून डिझॉल्व्ह द्या. आता क्लिप ज्या क्षणावर संपते, त्याच क्षणापासून पुन्हा सुरू होते. पार्श्वभूमी वेगाने हलत असेल तर गोठलेली फ्रेम तरीही दिसेल, म्हणून सांध्याजवळ हालचाल मंदावत नेऊन दोन्ही टोकांना १० ते १२ फ्रेम जवळजवळ स्थिर ठेवा.

तिसरी गोष्ट लांबीची, आणि खरं पाणी इथे मुरतं. पालची एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते. डीव्हीडीवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या एसी-३ आवाजाची एक फ्रेम ३२ मिलिसेकंदांची, कारण ४८ किलोहर्ट्झच्या १५३६ नमुन्यांचा एक गठ्ठा होतो. दोन्हींचा मेळ १६० मिलिसेकंदांवर बसतो: चित्राच्या ४ फ्रेम, आवाजाच्या ५. आता लूप गोल आकड्यात, म्हणजे ३० सेकंदांचा केला तर चित्राच्या ७५० फ्रेम होतात आणि आवाजाच्या ९३७.५. अर्धी फ्रेम अस्तित्वातच नसते. त्यामुळे आवाज एक तर चित्राच्या आधी संपतो किंवा नंतर, आणि काही प्लेअर त्या टोकावर खरखरतात किंवा थबकतात.

उपाय सोपा आहे. जीओपी, म्हणजे स्वतःत पूर्ण असलेल्या एका आय-फ्रेमपासून पुढच्या आय-फ्रेमपर्यंतचा फ्रेमगट, १२ फ्रेमचा ठेवा. पालमध्ये १५ पर्यंत चालतो, पण १२ फ्रेम म्हणजे ४८० मिलिसेकंद, आणि त्यात एसी-३च्या बरोबर १५ फ्रेम बसतात. ७२० फ्रेमचा लूप घेतला तर २८.८ सेकंद, ६० जीओपी आणि आवाजाच्या ९०० फ्रेम, सगळं पूर्णांकात. मोठा लूप हवा असेल तर ५७.६ सेकंद. एनटीएससीमध्ये असा मेळ ९६० फ्रेमवर बसतो: ३२.०३२ सेकंद आणि एसी-३च्या १००१ फ्रेम.

एन्कोड करताना क्लोज्ड जीओपी चालू ठेवा. ओपन जीओपीमधल्या सुरुवातीच्या बी-फ्रेम आधीच्या गटावर अवलंबून असतात, आणि लूपच्या सुरुवातीला आधीचा गटच नसतो. परिणाम म्हणजे पहिल्या दोन-तीन फ्रेममध्ये ठिपके. एफएफएमपेग या एन्कोडरमध्ये पाल-डीव्हीडी हे टार्गेट (तयार जुळणी) दिलं की जीओपी आपोआप १५ होतो, म्हणून १२ची सूचना टार्गेटच्या नंतर लिहा. क्लोज्ड जीओपी मागितल्यावर ते दृश्यबदल ओळखण्यावरून तक्रार करतं. त्याची मर्यादा एक अब्ज, म्हणजे १ वर नऊ शून्यं, दिली की काम पुढे सरकतं.

लूप जितका लहान, तितक्या वेळा सांधा दिसतो. दहा सेकंदांचा लूप करू नका. जागेचीही काळजी नको: सेकंदाला ८ मेगाबिट म्हणजे सेकंदाला एक मेगाबाइट, तेव्हा २८.८ सेकंदांचा मेनू २९ मेगाबाइटच्या आसपास बसतो.

बटन उजळतच नाही

दोन कारणं तपासा. पहिलं, बटनाच्या आयतात सबपिक्चरचे ठिपकेच नसतील. प्लेअर असलेल्या ठिपक्यांचा रंग बदलतो, नवीन ठिपके काढत नाही. न निवडलेल्या स्थितीत काहीच दिसू नये असं हवं असेल तर ठिपके ठेवायचे आणि त्या स्थितीपुरते पूर्ण पारदर्शक करायचे. ठिपकेच पुसले तर उजळायला काही उरत नाही.

दुसरं, थराला सक्तीचा शिक्का नसणं. सबपिक्चर हीच यंत्रणा उपशीर्षकांसाठीही वापरली जाते, आणि बघणाऱ्याने उपशीर्षकं बंद ठेवली असतील तर शिक्का नसलेला मेनूचा थरही प्लेअर लपवतो. आज्ञा लिहून डिस्कची रचना बांधणाऱ्या डीव्हीडीऑथर या सॉफ्टवेअरसोबत थर चढवणारं स्पूमक्स येतं, त्यात याला 'फोर्स' म्हणतात. त्याची किंमत 'येस' असलीच पाहिजे. माउसने पडद्यावर मेनू मांडू देणारी सॉफ्टवेअरं हे स्वतःच करतात.

कडा दातेरी दिसतात, किंवा स्पूमक्स थर घ्यायलाच नकार देतं

चारच रंग असल्यामुळे मऊ सावली, चमक, रंगछटेचा उतार यातलं काहीही थरावर टिकत नाही. थराचं चित्र काढताना कडा गुळगुळीत करण्याची सोय बंद करा. ती चालू राहिली तर कडेला डझनभर मधल्या छटा तयार होतात आणि स्पूमक्स बटनांचे मुखवटे निवडता येत नाहीत असं सांगून थांबतं. रंगांचे गटही एका मेनूत तीनच मिळतात, तेव्हा प्रत्येक बटन वेगळ्या रंगात उजळवण्याचा बेत सोडून द्या.

चांगल्या दिसणाऱ्या मेनूंची युक्ती वेगळी असते. बटनाची सजावट, सावली, चमक सगळी मागच्या क्लिपमध्ये असते आणि थरावर फक्त एक अधोरेषा, बाण, किंवा चौकटीची जाड कड असते. सरळ आडव्या-उभ्या रेषांना दाते पडत नाहीत. अर्धपारदर्शक एकरंगी पट्टीही सुरेख दिसते, कारण पारदर्शकतेच्या १६ पायऱ्या मिळतात.

रंगांची आणखी एक चोरवाट आहे: आकार बदलणं. चौरस पिक्सेलमध्ये मेनू आखायचा तर पालसाठी ४:३ला ७६८×५७६ आणि १६:९ला १०२४×५७६ घेतात, मग ७२०×५७६वर आणतात. हे केलं नाही तर वर्तुळं अंडाकृती दिसतात. पण थराचं चित्र असं लहान केलं की पुन्हा मधल्या छटा शिरतात. म्हणून पार्श्वभूमी आधी ७२०×५७६ करून घ्या, त्यातली एक फ्रेम खालच्या लेयरवर ठेवा आणि थर थेट त्याच आकारात तिच्यावर काढा. आयतांचे उभ्या दिशेचे आकडे सम ठेवा, आणि आयत एकमेकांवर चढू देऊ नका.

बटन भलत्याच जागी उजळतं

हा १६:९ मेनूचा हमखास दोष. रुंद पडद्यासाठी एक आणि वर-खाली काळ्या पट्ट्या देऊन दाखवायच्या लेटरबॉक्ससाठी एक, असे थराचे दोन वेगळे प्रवाह लागतात. एकच दिला आणि प्लेअर ४:३ टीव्हीसाठी जुळवलेला असला, की चित्र आकसतं पण उजळलेली पट्टी जुन्याच जागी राहते.

मेनू ४:३ करून यातून सुटता येतं, पण चित्रफीत १६:९ असेल तर मेनू आणि चित्रफीत यांच्यात ये-जा करताना टीव्ही प्रत्येक वेळी आकार बदलतो आणि ते फार वाईट दिसतं. त्यापेक्षा दोन्ही १६:९ ठेवा, पॅन-स्कॅनला (कडा कापून पडदा भरण्याला) मनाई करा आणि लेटरबॉक्सचा प्रवाह जोडा. बटनांची कमाल संख्या यामुळे ३६ वरून १८ वर येते. घरगुती डिस्कला तेवढी पुरून उरते. एका पानावर सहा प्रसंगांपेक्षा जास्त तसेही वाचता येत नाहीत.

एका मेनू-विभागातल्या सगळ्या मेनूंचा आकार आणि आवाजाचा प्रकार एकच असावा लागतो. मुख्य मेनू १६:९ आणि प्रसंगांचा मेनू ४:३, किंवा एकाला एसी-३ आणि दुसऱ्याला एमपी२, अशी सरमिसळ चालत नाही. ज्या मेनूला संगीत नको त्यालाही त्याच प्रकारचा शांत आवाज द्या. आवाजाचा ट्रॅकच नसलेला मेनू मध्ये आला की अॅम्प्लिफायर 'टक' करतो.

लूप फिरला की निवड पहिल्या बटनावर उडी मारते

बघणारा चौथ्या बटनापर्यंत पोचतो, तेवढ्यात क्लिप फिरते आणि निवड परत पहिल्यावर. याचं कारण, मेनूला ठरावीक बटनाची सक्ती लावलेली असते आणि क्लिप नव्याने सुरू होताना ती दर वेळी लागू होते. मेनूच्या गुणधर्मांत सुरुवातीचं बटन 'आपोआप' असं ठेवता येत असेल तर तेवढंच पुरतं.

डीव्हीडीऑथर वापरत असाल तर मेनूच्या शेवटच्या आज्ञांत चालू बटनाची किंमत एका रजिस्टरमध्ये, म्हणजे प्लेअरच्या आकडा लक्षात ठेवणाऱ्या कप्प्यात, ठेवा, उदाहरणार्थ जी१मध्ये, आणि सुरुवातीच्या आज्ञांत ती परत बटनाला द्या. ही किंमत बटनाच्या क्रमांकाच्या १०२४ पट असते: पहिलं बटन १०२४, दुसरं २०४८. सरळ १ किंवा २ लिहिलं तर निवड बदलत नाही आणि चूक कुठे आहे ते शोधण्यात संध्याकाळ जाते. डिस्क पहिल्यांदा सुरू होताना जी१ शून्य असतो, तेव्हा शून्य असेल तर १०२४ द्या अशी अटही घाला.

बटनं पडद्यावर येण्याआधीच चौकट उजळते

शीर्षक उडत येतं, मग एकेक बटन सरकत आत येतं, आणि पहिल्या फ्रेमपासून रिकाम्या जागी एक चौकट लुकलुकत असते. थर स्थिर आहे हे इथे आठवा. त्याला अॅनिमेशनची खबर नसते. ज्या सॉफ्टवेअरमध्ये लूप पॉइंट देता येतो तिथे बटनं पूर्ण स्थिरावल्यानंतरचा क्षण द्या. क्लिप पहिल्यांदा सुरुवातीपासून चालते, नंतर लूप पॉइंटपासूनच फिरते, आणि बटनंही तिथूनच चालू होतात. हा बिंदू जीओपीच्या सुरुवातीवर, म्हणजे १२च्या पटीतल्या फ्रेमवर पडायला हवा.

ती सोय नसेल तर प्रवेशाची क्लिप वेगळा मेनू म्हणून करा, बटनांशिवाय. तिची शेवटची आज्ञा फिरत्या मेनूकडे पाठवते. दोन्हींच्या मध्ये पुन्हा एक सांधा आला, म्हणून प्रवेशाची शेवटची फ्रेम आणि फिरत्या मेनूची पहिली फ्रेम ठिपक्यान् ठिपका सारखी ठेवा. यात एक फायदाही आहे. चित्रफीत बघून मेनूवर परतणाऱ्याला तोच प्रवेश पुन्हा बघायला लावू नये. एकदा प्रवेश झाला की एका रजिस्टरमध्ये १ ठेवा, आणि प्रवेशाच्या सुरुवातीच्या आज्ञांत तो १ असेल तर थेट फिरत्या मेनूकडे जा असं सांगा.

मेनूतून चित्रफितीकडे जाताना काळा धक्का

बटन दाबल्यावर पान उलटतं, दार उघडतं, चित्र मोठं होत पडदाभर पसरतं, अशी ट्रान्झिशनं म्हणजे बटन आणि चित्रफीत यांच्यामध्ये घातलेली छोटी क्लिप. ही क्लिप त्याच मेनू-विभागात ठेवा. ती वेगळ्या टायटलसेटमध्ये (डिस्कवरच्या स्वतंत्र फाइलगटात) गेली तर प्लेअरला त्या सेटची माहितीची फाइल वाचावी लागते, आणि धक्का एकाऐवजी दोनदा बसतो.

मेनू-विभागातून चित्रफितीकडची उडी मात्र सलग होऊ शकत नाही. बरेच प्लेअर या जागी आवाज बंद करून पडदा काळा करतात. त्यामुळे मोठं होत जाणारं चित्र थेट चित्रफितीच्या पहिल्या फ्रेमला जोडायचा हट्ट इथे फळत नाही. ट्रान्झिशन काळ्यावर संपवा आणि चित्रफितीची सुरुवात १० ते १२ काळ्या फ्रेमनी करा, त्याखाली शांतता. प्लेअरचा काळा पडदा या दोन काळ्यांमध्ये विरघळून जातो. चित्रफितीचा आवाजही मेनूच्याच प्रकारचा ठेवा. प्रकार बदलला की काही अॅम्प्लिफायर जुळवून घ्यायला वेळ घेतात आणि पहिला शब्द गिळतात.

लांबी एक ते दीड सेकंद, त्याहून जास्त नाही. तयार करताना चार सेकंदांचं ट्रान्झिशन मोहक वाटतं, पण बघणाऱ्याला ते दर वेळी सहन करावं लागतं. पुढे जाण्याच्या बटनावर बंदीही घालू नका.

प्रसंगांमधला डिझॉल्व्ह फुटतो

एमपेग-२ हालचाल ओळखून जागा वाचवतं: हा तुकडा मघाच्या फ्रेममध्ये तिथे होता, आता इथे आहे. डिझॉल्व्हमध्ये प्रत्येक ठिपक्याचा उजेड फ्रेमगणिक बदलतो, त्यामुळे जुळणारा तुकडा सापडत नाही आणि नेहमीपेक्षा कितीतरी जास्त बिट लागतात. बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला मिळणारे बिट, अपुरा असला की चौकोन दिसतात. अंधारात विरघळणारे फेड तर आणखी नाजूक, कारण काळ्याजवळ छटाच कमी असतात.

दोन फेऱ्यांचं बदलतं बिटरेट वापरा: सरासरी ६, किमान २ ते ३, कमाल ८ मेगाबिट. मानकाची चित्रासाठीची कमाल ९.८ आहे आणि सगळं मिळून १०.०८, पण घरी बर्न केलेल्या डिस्कवर तिथवर जाऊ नका. जुने प्लेअर वाचताना मागे पडतात. एन्कोडरमधली इन्ट्रा डीसी प्रिसिजन (छटांच्या पायऱ्यांची बारकाई) १० बिट ठेवा. फेडमध्ये तरीही पट्टे दिसले तर चित्रात अगदी बारीक दाणा (ग्रेन) मिसळा आणि फेडची लांबी १२ ते १५ फ्रेमवर आणा.

जागेचा हिशोब असा: ४.७ गिगाबाइट म्हणजे ४७० कोटी बाइट. त्यातले २० कोटी मेनूला आणि डिस्कची बाहेरची कड मोकळी ठेवायला सोडले तर उरलेल्यात ९० मिनिटांना सेकंदाला साधारण ६.७ मेगाबिट येतात. आवाज आणि तो चित्रासोबत एका फाइलमध्ये गुंफण्याचा खर्च वजा केला की चित्राला ६ उरतात. दोन तासांचं चित्रीकरण एका डिस्कवर कोंबलं की पहिला बळी डिझॉल्व्हचा जातो. अशा वेळी दोन डिस्क करा.

ट्रान्झिशनमध्ये चित्र गोठल्यासारखं वाटत असेल तर बिटरेटचा दोष नाही. एक सेकंदाच्या डिझॉल्व्हला दोन्ही क्लिपांत कापाच्या पलीकडे १२-१३ फ्रेम शिल्लक लागतात. क्लिप टोकापर्यंत वापरली असेल तर सॉफ्टवेअर शेवटचीच फ्रेम पुन्हा पुन्हा लावतं. कापताना दोन्ही बाजूंना जागा सोडा.

प्रसंगाची खूण डिझॉल्व्हच्या मधोमध ठेवू नका. मेनूतून थेट त्या प्रसंगावर आलेल्याला आधीच्या प्रसंगाचं अर्धवट चित्र दिसतं. डिझॉल्व्ह संपल्यानंतरच्या पहिल्या आय-फ्रेमवर खूण द्या. ऑथरिंगचं सॉफ्टवेअर खूण जवळच्या आय-फ्रेमवर सरकवतं, आणि १५च्या जीओपीत दोन आय-फ्रेमांमध्ये ०.६ सेकंदांचं अंतर असतं, म्हणून एन्कोड करतानाच खुणांच्या जागी आय-फ्रेम सक्तीने घालता येत असेल तर घाला.

सरकतं चित्र मागे-पुढे थरथरतं

वाइपमध्ये (एक चित्र सरकून दुसरं येताना) किंवा कॅमेरा आडवा फिरताना चित्र थरथरत असेल तर फील्डचा क्रम उलटा आहे. इंटरलेस फ्रेम दोन फील्डमध्ये, म्हणजे एकाआड एक ओळींच्या दोन संचांत, विभागलेली असते. डीव्ही टेपवरचं चित्रीकरण खालचं फील्ड आधी ठेवतं. एचडीव्ही आणि इंटरलेस एव्हीसीएचडी ही एचडी कॅमेऱ्यांची स्वरूपं वरचं. डीव्हीडीला दोन्ही चालतात, पण प्रकल्प, एन्कोडर आणि मूळ चित्रीकरण तिघांचा क्रम एकच हवा. मिश्र चित्रीकरण असेल तर टाइमलाइनवर आणण्याआधीच एका क्रमात करून घ्या. मोबाइलच्या चित्रीकरणात फ्रेमचा वेग बदलता असतो. तेही आधी ठरावीक वेगावर आणा, नाहीतर आवाज हळूहळू ओठांपासून सुटतो.

मेनूवरची मराठी अक्षरं

इंटरलेस पडद्यावर एका ओळीची आडवी रेषा फक्त एका फील्डमध्ये असते, म्हणून ती लुकलुकते. रोमन अक्षरांत अशा रेषा थोड्या. देवनागरीत मात्र शिरोरेषा प्रत्येक शब्दावर आहे, आणि बारीक वळणाचा फॉन्ट घेतला की सगळं शीर्षकच थरथरतं. जाड वळणाचा फॉन्ट घ्या, शिरोरेषा किमान ३ ते ४ पिक्सेल जाड दिसेल इतका मोठा ठेवा, आणि उभ्या दिशेने अगदी हलका ब्लर द्या.

जुन्या ऑथरिंग सॉफ्टवेअरांना जोडाक्षरं नीट जुळवता येत नाहीत. पहिली वेलांटी अक्षराच्या मागे पडते, रफार सुटा दिसतो. मजकूर इंकस्केप किंवा गिंपमध्ये टाइप करून चित्र म्हणूनच आणा. बटनाचा आयत आखताना वरच्या मात्रा आणि खालचे उकार आत घ्या, नाहीतर 'सुरू'ला उजळताना खालून कात्री लागते.

अक्षरं चारही कडांपासून दहा टक्के आत ठेवा: आडवे ७२ पिक्सेल, उभे ५८. गडद लाल अक्षरं टाळा, कारण रंगाची माहिती उजेडाच्या निम्म्याच बारकाईने साठवली जाते आणि लाल कडा पसरतात. शुभ्र पांढरा २३५ आणि काळा १६ या मर्यादेत ठेवा.

बर्न करण्याआधी आणि नंतर

संगणकावरचा व्हीएलसी प्लेअर आज्ञा बरोबर जोडल्या आहेत का एवढंच सांगतो. फील्डचा क्रम, बिटरेटची उसळी, सांध्यावरचा खंड यातलं काहीच तो दाखवत नाही. कोणती आज्ञा कुठे पाठवते हे उलगडत नसेल तर पीजीसीएडिट या डीव्हीडीच्या आज्ञा तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये डिस्कचा फोल्डर उघडून एकेक आज्ञा पायरीपायरीने चालवा.

मग पुन्हा पुसता येणाऱ्या डिस्कवर बर्न करून खऱ्या प्लेअरमध्ये लावा. मेनू किमान तीनदा फिरू द्या. सांधा येण्याच्या नेमक्या क्षणी बाण दाबा. प्रत्येक बटनापासून चारही दिशांना जाऊन या. चित्रफीत मध्येच थांबवून मेनूचं बटन दाबा, शेवटपर्यंत जाऊ देऊनही पाहा. दोन्ही वेळा परत येण्याची जागा वेगळी असू शकते. पुसता येणाऱ्या डिस्कचं परावर्तन कमी असतं, त्यामुळे एखाद्या जुन्या प्लेअरने ती वाचलीच नाही तर लगेच मेनूला दोष देऊ नका.

अंतिम प्रत साध्या डीव्हीडी-आरवर काढा. प्लस-आर असेल आणि ड्राइव्ह परवानगी देत असेल तर बुक टाइप (डिस्कवरची तिचा प्रकार सांगणारी नोंद) डीव्हीडी-रॉम करा. फाइली साध्या डेटासारख्या ओढून टाकू नका. बर्निंगच्या सॉफ्टवेअरमध्ये डीव्हीडी-व्हिडिओचा पर्याय निवडा, म्हणजे फाइलींचा क्रम प्लेअरला लागतो तसा राहतो. वेग ४एक्स ते ८एक्स, डिस्क बंद करण्याचा (फायनलाइज) पर्याय चालू, आणि बर्न झाल्यावर पडताळणी. पडताळणीत चूक निघाली तर त्याच फोल्डरमधून दुसऱ्या बनावटीच्या डिस्कवर पुन्हा काढा. एन्कोडिंगला हात लावायची गरज नसते.